कडक भाकरी, लाळ आणि विरजण

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा उठला, पाळणे उतरले, आता घरोघरी दहावीची पुस्तकं उघडतील. तेव्हा आज पचन. त्यातही एकच शब्द पक्का करू : विकर. विकर म्हणजे एन्झाइम, अन्नाचं पचन घडवून आणणारा पदार्थ. पुन्हा सांगतो, विकर.

भाकरीत पिष्ट असतं. लाळेत टायलिन नावाचं विकर असतं. लाळेतलं अमायलेज म्हणतात ते हेच. ते पिष्टाचं माल्टोज करतं, आणि माल्टोज म्हणजे एक साखर. म्हणून भाकरीचा घास सावकाश चावला की गोडसर लागतो. घरी करून बघा, पण कोरी भाकरी घ्या. शेंगाचटणीसोबत गोडी कळायची नाही. आणि चटणी म्हणजे कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरमधून काढलेल्या भुश्श्याला मी चटणी म्हणत नाही.

तर मी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीतली सकाळची शाळा. लाळेचा प्रयोग दाखवायचा होता. एका मुलाच्या डब्यात कडक भाकरी होती, तीच मागून घेतली. चुरली, पाण्यात उकळली, फडक्यातून गाळली. दोन परीक्षानळ्या भरल्या. त्याच मुलाला चूळ भरायला लावून एका नळीत त्याची लाळ घातली. वर्ग खिदळतोय, मागच्या बाकावरचे उभे राहिलेत. मी ऐटीत सांगून टाकलं, "पंधरा मिनिटांनी आयोडीन टाकू. साधी नळी निळीकाळी होईल. लाळेची होणार नाही, कारण तिच्यातलं पिष्ट संपलेलं असेल."

पंधरा मिनिटं झाली, नळ्या निवल्या. आयोडीन टाकलं, आणि दोन्ही नळ्या निळ्याकाळ्या! अगदी शाईसारख्या. मी आयोडीनच्या बाटलीवर ढकलायच्या बेतात होतो. तेवढ्यात तोच मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही लई कडक पाण्यात घातलं की. आमची आई तापल्या दुधात विरजण घालूच देत नाही. म्हणती, बोट घालून बघ, सोसलं तरच घाल."

त्याची आई दिवसभर विड्या वळायची. विकर हा शब्द तिच्या कानावरून कधी गेला नसेल. मी मुकाट्याने पुन्हा पाणी उकळलं आणि या वेळी निवू दिलं. बोट त्या मुलालाच घालायला लावलं. "सोसतंय," म्हणाला. मग लाळ घातली. पंधरा मिनिटांनी ती नळी नुसती पिवळसर राहिली. वर्गानं टाळ्या वाजवल्या, त्या त्याच्यासाठी. भाकरी संपली होती, म्हणून मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली चपाती त्याला दिली. अर्धी खाऊन म्हणाला, मऊ आहे सर. तक्रारच होती ती.

आता लक्षात ठेवा. विरजणात जिवंत जिवाणू असतात, ते उष्णतेने मरतात. विकर जिवंत नसतं. ते प्रथिन आहे, जास्त उष्णतेने त्याची रचना बिघडते आणि ते निष्क्रिय होतं. उत्तरात "विकर मेलं" लिहू नका. निष्क्रिय झालं, लिहा. पुन्हा सांगतो, निष्क्रिय. आपल्या शरीराचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तिथं टायलिन झकास चालतं.

वेळ थोडा उरलाय, भरभर सांगतो. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यात टायलिन थांबतं आणि पेप्सिन नावाचं विकर प्रथिनांवर काम सुरू करतं. पित्तरस यकृतात तयार होतो, त्यात पचवणारं विकर नसतं. तो मेदाचे बारीक थेंब करून देतो. इथं दरवर्षी मुलं चुकतात. आणि लहान आतडं नावाला लहान, पुस्तकात लांबी सुमारे 6 मीटर, सहावारी साडीपेक्षा जास्तच! मोठं आतडं दीडेक मीटर. लहान-मोठं हे रुंदीवरून.

स्वादुपिंड राहिलंच. ते पुढच्या वेळी. तोवर एक प्रश्न घरी सोडवून ठेवा : उकळतं पाणी चुकलं, मग बर्फाच्या पाण्यात लाळ घातली असती तर? नमस्कार.