गोळीला उजवं-डावं कळतं का?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल, म्हणजे ते स्टॅटिन, पाकिटावर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन असली नावं असतात ना, तेच. मीपण घेतो. सुरू करून पंधरा दिवस झाले नसतील तर माझा उजवा गुडघा दुखायला लागला, मी आपली गुपचूप गोळी बंद केली, डॉक्टरांना पत्ता नाही. महिन्याने गेलो तर त्यांनी आधी विचारलं, एकच गुडघा की दोन्ही? म्हटलं एकच. तर हसले, म्हणाले, अहो गोळीला उजवं-डावं कळतं का?

तर ऐका. गोळीमुळे दुखतं ते शक्यतो दोन्ही बाजूंना आणि मोठ्या स्नायूंत, मांड्या, पोटऱ्या, खांदे, आणि बहुतेकदा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांतच. जिना चढताना मांड्या भरून येतात तसं. सांधा दुखणं वेगळं.

आता एक भारी गोष्ट. 2020 साली एका प्रयोगाचे निकाल छापून आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले 60 जण घेतले, वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या, चारमध्ये खरं औषध, चारमध्ये दिसायला तशीच पण औषधच नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात सरासरी 8, खोट्या गोळीला 15.4 आणि खऱ्या गोळीला 16.3! म्हणजे बहुतेक त्रास गोळी गिळण्याच्या धास्तीचा. पण म्हणून कुणाला "मनाचे खेळ आहेत तुझे" असं म्हणू नका हां, पाय त्यांचे खरंच दुखत होते, आणि काही लोकांना औषधाचा खराखुरा त्रास होतोच.

तसा झाला तर वाटा आहेत. डॉक्टर आधी थायरॉइड बघतात, कारण थायरॉइड कमी असला तरी स्नायू दुखतात, रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) तपासतात, मग डोस कमी करतात, स्टॅटिन बदलतात, काहींना रोसुव्हास्टॅटिन एक दिवसाआड देतात कारण ते शरीरात बराच वेळ टिकतं, नाहीतर कोलेस्टेरॉलवरची दुसरी औषधं, एझेटिमिब वगैरे, आहेतच. शुगर थोडी वाढू शकते, ती तपासत राहायची. आणि दुसऱ्या कशासाठी कुणी अ‍ॅन्टिबायोटिक लिहून देत असेल तर ही गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनचं काही स्टॅटिनशी अजिबात पटत नाही.

वाट बघत बसायचं नाही ते एकाच बाबतीत. स्नायू खूप दुखतायत, अंगात त्राण नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्वचित होतं, पण झालं तर किडनीवर येतं.

माझी गोळी परत चालू झालीये. गुडघा अजून कुरकुरतो, पण तो गोळी घेतली काय न घेतली काय, तसाच.