मुंबईतला एक मोकळा रविवार

नमस्कार, श्रोतेहो. मंत्रालयातलं काम, दवाखान्याची खेप, नाहीतर भाचीचं लग्न, काही ना काही निमित्तानं आपलं राजधानीत जाणं होतं. काम शनिवारी उरकतं, परतीची गाडी रविवारी रात्रीची. मधल्या दिवशी बरेचजण टॅक्सी करून गेटवे आणि नटांचे बंगले बघतात आणि दमून गाडीत बसतात. माझं ऐकाल तर हा रविवार मुंबईकरांच्या सुट्टीसारखा घालवा.

पहाटेच दादरला उतरा. पश्चिमेला बाहेर पडलात की फूलबाजार. झेंडू, शेवंती, निशिगंधाचे ढीग, पायाखाली ओल्या पाकळ्या, आणि डोक्यावर भारा घेऊन 'बाजू, बाजू' म्हणत धावणारी माणसं. इथं फुलं किलोवर घ्यायची. बघा, वास घ्या, फक्त वाटेत उभे राहू नका. त्यांची ती कमाईची वेळ असते.

मग लोकलनं चर्चगेट. रविवारी रुळांच्या कामासाठी ब्लॉक असतो, म्हणजे काही गाड्या बंद असतात, तेवढं आधी विचारून घ्या. स्टेशनपासून जवळच ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, समोर आर्ट डेको या विसाव्या शतकातल्या बांधकामशैलीच्या इमारतींची रांग. या परिसराला २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण तुम्ही मैदानाकडे तोंड करून बसा. एकाच गवतावर कितीतरी सामने एकाच वेळी चालू असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच सामन्याच्या अंपायरशेजारी उभा असतो. चेंडू भलत्या डावात शिरला की तिथला पोरगा तो उचलून परत फेकतो आणि पुन्हा आपल्या गोलंदाजाकडे वळतो. कुणाचं काही बिघडत नाही! जरा पुढे आझाद मैदान. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत ६६४ धावांची अभंग भागी रचली, ती तिथं. पावसाळ्यात गेलात तरी हिरमुसू नका. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग पावसातच खेळली जाते, ओल्या खेळपट्टीवर फलंदाजाचा कस लागतो.

ऊन चढलं की काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा. १९५२ सालची ही गॅलरी, आत जायला तिकीट नाही. 'आपल्याला चित्रातलं काय कळतं' म्हणून दारातून परतणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला फार वाईट वाटतं. पुष्कळदा चित्रकार स्वतः तिथं बसलेला असतो. त्याला बेलाशक विचारा, तो आनंदानं सांगतो.

दुपारी परत दादर. शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक असेल तर सोडू नका; सकाळच्या पेपरातली जाहिरात बघा, खिसा हलका असेल तर बाल्कनीचं तिकीट काढा. तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, आणि खोकणारं, कुजबुजणारं सगळं थिएटर एका क्षणात गप्प होतं. ती शांतता घरच्या टीव्हीसमोर मिळत नाही.

खरेदी शेवटी, म्हणजे पिशव्या दिवसभर वागवाव्या लागत नाहीत. नाट्यगृहातून बाहेर आलात की रानडे रोड जवळच: कानातली, ड्रेस, मुलांचे कपडे, पर्स. भाव करायला लाजू नका. घाऊक कापडासाठी मंगलदास मार्केट डोक्यात असेल तर ते रविवारी बंद असतं, त्यासाठी सोमवारी थांबावं लागेल.

आणि हो, तुमची गाडी दादरला थांबत असेल तर तिकिटावर चढायचं स्टेशन दादरच टाका. पिशव्या घेऊन पुन्हा सीएसएमटीपर्यंत जायला नको.