पाकीट वेळेत पोचलं का?

[दृश्य: टेबलावर एक मोठं पाकीट, एक लहान पाकीट, एक घडी घातलेला कागद.]

एका टपाली मताचे चार भाग असतात. मतपत्रिका, तिचं लहान पाकीट, मतदाराचं घोषणापत्र आणि हे सगळं पोटात घेणारं मोठं पाकीट. निवडणुकीच्या कामात मुरलेली माणसं यांना नंबरानंच ओळखतात. घोषणापत्र तेरा-ए, लहान पाकीट तेरा-बी, मोठं पाकीट तेरा-सी. हे नंबर लोकसभा आणि विधानसभेचे. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषदेला राज्य निवडणूक आयोगाचे वेगळे नियम आणि वेगळे नमुने असतात. आधी तेरा नंबरची पाकिटं पाहू, कारण मत कुठे अडकतं ते त्यांच्यावरून नीट कळतं.

मतपत्रिका लहान पाकिटात घालायची आणि पाकीट चिकटवायचं. त्याच्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक. तोच अनुक्रमांक घोषणापत्रावर. घोषणापत्रावर मतदाराची सही, आणि ती सही आपल्यासमोर झाली असं लिहून देणाऱ्या अधिकाऱ्याची सही. मग लहान पाकीट आणि घोषणापत्र ही दोन्ही मोठ्या पाकिटात, शेजारी शेजारी. घोषणापत्र घाईत लहान पाकिटात गेलं, की मत गेलं.

[दृश्य: मोजणीचं टेबल. हात मोठं पाकीट उघडतात.]

ते का, हे मोजणीच्या टेबलावर समजतं. मोठं पाकीट उघडलं की अधिकारी आधी घोषणापत्र शोधतो. ते सापडलं नाही, सही नाही, साक्षांकन नाही, किंवा दोन अनुक्रमांक जुळत नाहीत, तर लहान पाकीट उघडायचंच नाही. त्यावर शेरा मारून ते बाजूला. आत मत कुणाला होतं हे कुणालाच कळत नाही, कळूही नये.

जी घोषणापत्रं बरोबर निघाली, ती सगळी एका पाकिटात घालून सीलबंद होतात. त्यानंतरच लहान पाकिटांना हात लागतो. घोषणापत्रावर नाव असतं, मतपत्रिकेवर मत असतं. दोन्ही एकाच वेळी एकाच टेबलावर उघडी राहू नयेत म्हणून हा खटाटोप. मोजणी प्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहावी अशी ही पायरी, पण तिथे बहुतेकांचं लक्ष मतदान यंत्रांच्या टेबलाकडे असतं.

लहान पाकिटातली मतपत्रिकाही बाद होऊ शकते. एकाही उमेदवारापुढे खूण नाही. दोघांपुढे खूण आहे. खूण दोन उमेदवारांच्या मधल्या रेघेवर पडल्यामुळे मत कुणाला ते कळत नाही. किंवा मतदारानं मतपत्रिकेवरच सही ठोकली, ज्यावरून तो कोण हे कळतं. आयुष्यभर प्रत्येक सरकारी कागदावर सही करणाऱ्या माणसाचा हात इथेही सवयीनं वळतो. उलट, खूण फिकट आहे किंवा एकाच उमेदवारापुढे दोनदा केली आहे, एवढ्यावरून मत बाद करता येत नाही. कौल स्पष्ट असला की पुरे.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. आठला पाच मिनिटं कमी.]

आता वेळेचं. मोजणी सुरू होण्याची जी वेळ ठरलेली असते, साधारण सकाळी आठ, तिच्या आधी मोठं पाकीट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात हवं. आठनंतर आलेलं पाकीट उघडत नाहीत, मोजत नाहीत. टपालाच्या शिक्क्यावर कोणती तारीख आहे, याला आपल्याकडे किंमत नाही. अमेरिकेत काही राज्यं मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेलं पाकीट नंतर आलं तरी घेतात. मिसिसिपीत कामाचे पाच दिवस, कॅलिफोर्नियात सात दिवस. त्या सवलतीवर तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. आपला नियम कडक आहे, पण त्यात एक सोय आहे: आठ वाजता गठ्ठा बंद झाला, की त्यात नंतर कुणी भर घातली असा संशय घ्यायला जागा उरत नाही.

एवढं असूनही टपाली मत खरं चुकतं ते या आठच्या ठोक्याला नव्हे. ते आठ-पंधरा दिवस आधीच चुकलेलं असतं, आणि तेव्हा कुणी ओरडत नाही.

[दृश्य: निवडणूक प्रशिक्षण. हॉलमध्ये शिक्षक, कर्मचारी. हातात नेमणुकीचे आदेश.]

निवडणुकीच्या ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला दोन वाटा असतात. ज्या मतदारसंघात त्याचं मत, त्याच मतदारसंघात ड्युटी असेल तर नमुना बारा-ए भरून ईडीसी घ्यायची, म्हणजे निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र. ते दाखवून ड्युटीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येतं. हा अर्ज मतदानाच्या किमान ४ दिवस आधी. ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात असेल तर नमुना बारा, टपाली मतपत्रिकेसाठी, किमान ७ दिवस आधी. अधिकारी मुदत थोडी कमी करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

सोलापूर जिल्ह्यात हा हिशेब जरा गुंतागुंतीचा आहे. जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ, पण लोकसभेला ते तीन ठिकाणी विभागले जातात. मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण आणि पंढरपूर हे सोलापूर लोकसभेत. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढा लोकसभेत, जिथे साताऱ्यातले फलटण आणि माणही येतात. आणि बार्शी थेट धाराशिव लोकसभेत. म्हणजे बार्शीत मत असलेल्या शिक्षकाची ड्युटी मोहोळला लागली, तर जिल्हा एकच असूनही ईडीसी चालणार नाही. त्याचं टपाली मत धाराशिवच्या निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवं.

पूर्वी हे पाकीट कर्मचारी घरी घेऊन जायचा आणि सवडीनं टाकायचा. २०२३ मध्ये नियम बदलला. आता ड्युटीवरच्या मतदारानं सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथेच खूण करायची, तिथेच पेटीत टाकायची. साक्षांकनाला राजपत्रित अधिकारी तिथेच बसलेला असतो, त्यामुळे सही राहून जाण्याचा प्रकार कमी होतो. घरी पाकीट पडून राहणं आणि कुणीतरी ते मागून घेणं, या दोन्ही शंका त्यामुळे मिटतात. पण जबाबदारी कार्यालयाकडे सरकते. सुविधा केंद्रातल्या पेटीतून पाकिटं मतदारसंघवार निवडायची आणि दुसऱ्या जिल्ह्याला वेळेत पोचवायची, हे काम आता मतदाराचं राहिलेलं नाही.

[दृश्य: गल्लीतलं घर. दोन कर्मचारी, पोलीस, व्हिडिओ कॅमेरा.]

घरून मतदानाची सोयही याच नियमांतली. वय ८५ किंवा त्याहून अधिक, किंवा ४० टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व. वयाची अट आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ८५ झाली. अर्ज नमुना बारा-डी, मुदत अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवस. मतदान महिनाभर लांब असताना, प्रचाराची गाडी अजून गल्लीत फिरकलीही नसताना, ही मुदत संपून जाते. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणारा अधिकारी, घरी येऊन अर्ज देतो. तो आला तेव्हा आजोबा लेकीकडे पुण्याला असतील तर प्रकरण तिथेच थांबतं.

अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, अशी खूण होते. मग त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक घरी आल्यावर मतदार सापडला नाही तर एकदा पुन्हा येतं. तिसरी फेरी नाही. ऐन वेळी "बरं वाटतंय, नातवाबरोबर केंद्रावर जाऊन येतो" म्हणणाऱ्याला परत पाठवलं जातं, आणि तिथे वादावादी होते. केंद्राध्यक्षाचा दोष नसतो. पीबीची खूण काय असते हे घरच्यांना अर्जाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवं.

[दृश्य: सोलापूर महानगरपालिकेची इमारत, इंद्रभुवन. रस्त्यावर यात्रेची गर्दी.]

महापालिकेला मात्र बारा-डी गृहीत धरून बसू नये. ती लोकसभा-विधानसभेची सोय. नगरसेवक निवडताना टपाली मतपत्रिका मुख्यतः निवडणूक कामावरच्यांपुरती असते. सोलापूर महापालिकेत २६ प्रभाग आणि १०२ जागा. बहुतेक प्रभाग चार जागांचे, म्हणजे एका मतदाराची चार मतं: अ, ब, क, ड. यंत्रावर चारही जागांचं मत नोंदवल्याशिवाय बझर वाजत नाही, त्यामुळे राहिलेली जागा लक्षात येते. कागदाला बझर नसतो.

२०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १५ जानेवारी २०२६ ला झाली आणि मोजणी दुसऱ्या दिवशी. तो आठवडा सिद्धेश्वर यात्रेचा. बंदोबस्तावरच्या पोलिसाला एकीकडे गड्डा, म्हणजे यात्रेचा मेळा, आणि दुसरीकडे मतदान केंद्र, अशा आठवड्यात स्वतःच्या मताचा अर्ज लक्षात ठेवायचा होता.

आणि मतदार यादी? महापालिकेची वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. त्यानंतर वयाची १८ वर्षं पूर्ण केलेल्या पोराला जानेवारीत मत नव्हतं, मग त्यानं अर्ज कधीही केलेला असो. प्रारूप यादीवर हरकती मागवतात त्या मर्यादित गोष्टींसाठी: नाव चुकीच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागाच्या यादीत गळालं, लेखनिकाची चूक. नवीन नाव घालणं किंवा मयताचं नाव काढणं तिथे होत नाही, ते विधानसभेच्या यादीतच करावं लागतं. हे माहीत नसल्यानं माणसं चुकीच्या खिडकीसमोर रांग लावतात आणि "आमचं ऐकलंच नाही" म्हणत परततात. मतदानाच्या दिवशी "यादीत घोळ केला" हे जे ऐकू येतं, त्यातला काही भाग खराच घोळ असतो. पण बराचसा भाग या न कळलेल्या मुदतींचा असतो.

रोजगारासाठी पुण्यात राहणारा सोलापूरकर या सगळ्यात कुठेच बसत नाही. त्याला टपाली मत नाही. एसटी किंवा रेल्वे पकडून यायचं, नाहीतर मत सोडायचं.

[दृश्य: मारकडवाडीची वाट, माळशिरस तालुका.]

विश्वासाचा प्रश्न सोलापूरला परका नाही. विधानसभेच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिका छापून फेरमतदान करायचं ठरवलं. गावात उत्तम जानकरांना ८४३ आणि राम सातपुतेंना १,००३ मतं मोजली गेली होती. मतदारसंघातून जिंकले होते जानकरच, तरी त्यांच्या समर्थकांना गावातला आकडा पटला नव्हता. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालं नाही, गुन्हे दाखल झाले. गावाचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे त्या दिवशी ठरलं नाही. ठरण्याची कायदेशीर वाटही ती नव्हती.

टपाली मतांवर संशय वेगळ्या दारानं येतो. "टपालात आघाडी आमची आणि यंत्रात त्यांची, हे कसं?" हा प्रश्न दर निकालाला उठतो. याचं साधं कारण असं, की टपालाचा गठ्ठा मुख्यतः सरकारी कर्मचारी, शिक्षक, पोलीस आणि जवानांचा असतो. जुनी पेन्शन हा ज्यांच्या घरातला विषय, त्यांचा कौल विडी कामगारांच्या वस्तीतल्या केंद्राशी जुळेलच असं नाही. फरक दिसला म्हणजे चोरी झाली, हा निष्कर्ष निघत नाही.

मात्र थोड्या मतांनी निकाल लागतो तेव्हा हाच गठ्ठा निर्णायक ठरतो. मुंबई उत्तर पश्चिम, लोकसभा २०२४. यंत्रांवर अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतांत रवींद्र वायकर ४९ नं पुढे. वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद टपाली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील, तर ती सगळी पुन्हा तपासावी लागतात, असा आयोगाचा दंडक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला आणखी एक जोड मिळाली: टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. टपालाचा आकडा सगळ्यात शेवटी, निकाल ठरवायलाच बाहेर काढला, असं म्हणायला त्यामुळे वाव राहत नाही.

[दृश्य: स्ट्राँग रूमचं सीलबंद दार. बाहेर खुर्च्या टाकून बसलेली माणसं.]

नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं, मोजणी दुसऱ्या दिवशी ठरली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं ती २१ डिसेंबरवर गेली. मतं देऊन झाली आणि यंत्रं १९ दिवस कुलपात. काही ठिकाणच्या लांबलेल्या मतदानावर आधीच्या निकालाचा परिणाम नको, हे कारण समजण्यासारखं आहे. पण सीलबंद दाराबाहेर पहारा देणाऱ्या कार्यकर्त्याला ते एका ओळीच्या आदेशानं पटत नाही.

निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयानं रोज संध्याकाळी एक तक्ता फलकावर लावला, तर निम्मा गोंधळ संपेल. किती टपाली मतपत्रिका दिल्या, किती परत आल्या, किती यायच्या आहेत, किती दुसऱ्या मतदारसंघाला रवाना झाल्या. मोजणीनंतर त्यात आणखी दोन रकाने: उशिरा आलेली किती, आणि बाद झालेली किती, कोणत्या कारणानं. मोजणीसाठी हे आकडे कार्यालयाला तसेही जुळवावे लागतातच. उमेदवाराच्या प्रतिनिधीनंही आठच्या ठोक्याला, पहिलं पाकीट उघडण्याआधी, आलेल्या पाकिटांचा एकूण आकडा विचारून लिहून घ्यावा. दुपारी आरडाओरडा करण्यापेक्षा सकाळी टिपलेला हा एक आकडा जास्त उपयोगी पडतो.

एवढं करूनही शंका राहिलीच, तर तिलाही मुदत आहे. लोकसभा-विधानसभेच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात ४५ दिवसांत याचिका करता येते. सोलापूर महापालिकेसाठी फक्त १० दिवस, आणि अर्ज दिवाणी न्यायाधीशाकडे. मिरवणूक, गुलाल, सत्कार आणि पराभूतांच्या पत्रकार परिषदा यांतच त्यातला आठवडा जातो. वकील गाठायचा, निकालपत्राची प्रत मिळवायची, बाद मतांचा तपशील मागायचा, तर हे निकालाच्या दुसऱ्या दिवशीच सुरू करावं लागतं.