द क्लीन: एक मोकळी तार आणि डनीडनची तीन पोरं

(गिटार मांडीवर)

आधी हे ऐका. चौथी तार मोकळी ठेवलीय, ती सारखी घुमतेय. बोटं फिरतायत ती फक्त तिसऱ्या तारेवर. (वाजवते) कॉर्ड एकदाही बदलला नाही, तरी गाणं पुढे सरकतंय ना? तंबोरा लावला की सा खाली घुमत राहतो आणि आपण त्याच्यावर फिरत राहतो, तसंच. ही त्यांची धून नाही, मी फक्त युक्ती दाखवतेय. पण आजच्या बँडचा जीव मला या घुमणाऱ्या तारेत दिसतो. बँडचं नाव, द क्लीन.

गाव डनीडन. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पार खाली, स्कॉटिश लोकांनी वसवलेलं थंड हवेचं विद्यापीठाचं शहर. तिथे १९७८ मध्ये हेमिश आणि डेव्हिड किलगोर या भावांनी बँड काढला. हेमिश ड्रमवर, डेव्हिड गिटारवर. सुरुवातीला बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, पीटर गटरिजकडे होता. १९८० मध्ये बासवर रॉबर्ट स्कॉट आला आणि तिघांचं सूत जुळलं.

त्यांच्या गावातच क्रिस नॉक्सचा द एनिमी हा पंक बँड होता, त्याला बघून या पोरांना हुरूप आला. शिवाय साठच्या दशकातलं सायकेडेलिक संगीत कानात होतं, आणि न्यूयॉर्कचा व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड.

इथे जरा थांबते, कारण हा धागा मला फार प्रिय आहे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमधला जॉन केल त्याआधी ला माँट यंग या अमेरिकन संगीतकारासोबत वाजवायचा. एकच स्वर धरून बराच वेळ बसायचं, हे यंग यांचं वेड. आणि त्या वेडाला खतपाणी घातलं ते अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदच्या रेकॉर्डवरच्या तंबोऱ्यानं. म्हणजे मघाशी मी तंबोऱ्याचं नाव घेतलं ते उगाच नाही. लांबच्या वाटेनं का होईना, नातं खरंच आहे.

आता पैशांची गोष्ट. १९८१ मध्ये क्राइस्टचर्चला रॉजर शेपर्ड या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणानं फ्लाइंग नन हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केलं. द क्लीनचं ‘टॅली हो’ हे त्यांचं दुसरंच सिंगल. खर्च पन्नास डॉलरच्या आसपास, ऑर्गन वाजवला द चिल्स या बँडच्या मार्टिन फिलिप्सनं, आणि गाणं देशाच्या टॉप २० मध्ये गेलं!

पन्नास डॉलरचा किस्सा सगळेच सांगतात. मला त्याच वर्षीची ‘बूडल बूडल बूडल’ ही ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड, जास्त मोलाची वाटते. ती क्रिस नॉक्स आणि डग हूड यांनी चार ट्रॅकच्या टेपमशीनवर रेकॉर्ड केली. चार ट्रॅक म्हणजे काय? टेपवर आवाजासाठी चारच पट्ट्या. ड्रम, बास, गिटार, गळा, झालं, संपलं. आणखी काही हवं असेल तर आधीच्या दोन-तीन पट्ट्या मिसळून एकीवर उतरवायच्या, आणि एकदा मिसळलं की परत वेगळं करता येत नाही. म्हणून तिघं एकत्र काय वाजवतात यावरच सगळं उभं राहतं. ती ईपी पाचव्या क्रमांकापर्यंत चढली आणि कित्येक महिने चार्टमध्ये टिकली.

लोक याला ‘लो-फाय’, म्हणजे साध्या यंत्रांवरचं कच्च्या आवाजाचं रेकॉर्डिंग, म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आवाज खरखरीत आहे, वाजवणं मात्र अगदी घट्ट आहे. गिटार घुमते, बास स्वतःची वेगळीच चाल गातो, आणि हेमिशचा ठेका आगगाडीसारखा न थांबता चालतो.

१९८२ मध्ये बँड फुटला. पण पुढे पुन्हा जमला, आणि १९९० ला ‘व्हेइकल’ हा पहिला पूर्ण अल्बम आला. अमेरिकेत पेव्हमेंट आणि यो ला टेंगो या बँडपर्यंत त्यांचा आवाज पोचला. हेमिश २०२२ मध्ये हे जग सोडून गेला.

आज रात्री हेडफोन लावून त्या ईपीतलं ‘पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स’ ऐका. पहिल्यांदा गिटारकडे लक्षच देऊ नका. फक्त हेमिशचा ठेका धरून बसा. गिटार दुसऱ्या वेळेला.