ऐझॉलचं टायटल आणि त्यातला आपला वाटा

मंडळी, 2016-17 च्या आय-लीगचं, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचं नाव काढलं की लोक लगेच परीकथा म्हणतात. मिझोरामच्या डोंगरातला ऐझॉल एफसी हा छोटासा क्लब, खिशात पैसे नाहीत, आणि थेट नॅशनल चॅम्पियन, ईशान्येकडचा पहिलाच. छान आहे, मलाही आवडतं ते ऐकायला, पण मी त्या काळात मुंबईत कूपरेजच्या मैदानावर मुंबई एफसीच्या मॅचेस बघायला जायचो ना, त्यामुळे मला त्या टीममध्ये आपल्याच घरातल्या वस्तू दिसतात. म्हणजे आपण भंगारात काढलेल्या, आणि शेजाऱ्याने घासूनपुसून दिवाणखान्यात मांडलेल्या.

आता बघा, त्याच्या आदल्या सीझनला ऐझॉल नऊपैकी आठवं आलं होतं. नववं कोण? आपल्या पुण्याचं डीएसके शिवाजीयन्स. पण ते कॉर्पोरेट एन्ट्रीने, म्हणजे कंपनीच्या जोरावर थेट लीगमध्ये आलेले, त्यांना रेलिगेशनमधून (खालच्या डिव्हिजनला जाण्यातून) सूट, म्हणून खाली कोण गेलं तर ऐझॉल! त्याच वर्षी हे लोक फेडरेशन कपच्या फायनलला गेलेले, तिथे कोलकात्याच्या मोहन बागानने पाच गोल घातले ही गोष्ट वेगळी.

मग गोव्यात भडका उडाला. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिला वर आणायचं आणि आय-लीगला खाली ढकलायचं असा फुटबॉल फेडरेशनचा प्लॅन होता, त्याच्या निषेधात साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो हे तिथले तिन्ही क्लब बाहेर पडले. डेम्पो म्हणजे पाच वेळचे नॅशनल चॅम्पियन हो, ते गेले! लीगमध्ये जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावलं. गोव्याचा राग नसता तर ही टीम सेकंड डिव्हिजनला असती.

आणि कोच. खालिद जमील सात वर्षं मुंबई एफसीला होता, टायटलच्या जवळपास कधी गेला नाही पण टीम कधी खालीही पडू दिली नाही. बघायला बोअर व्हायचं, खरं सांगतो, मीसुद्धा स्टँडमध्ये बसून शिव्या घातल्यात. 2016 ला त्याला नारळ दिला आणि तो गेला ऐझॉलला, मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही त्या टीममध्ये होते, गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. मिडफिल्डला सीरियाचा अल अमना, बाकी मिझो पोरं, ज्यांची लोकल लीग तिकडे केबलवर घरोघरी दिसते, त्यामुळे पोरांना पळायला आणि लोकांना ओरडायला शिकवावं लागत नाही.

शेवटच्या दोन मॅचेस मात्र नीट सांगतो. 22 एप्रिल 2017 ला, आमनेसामने येताना, ऐझॉल आणि बागान दोघांचे 33 पॉइंट. ऐझॉलचं स्टेडियम खचाखच, गोल काही होईना, आणि 83 व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेचा हेडर! 1-0. मग 30 तारखेला शिलाँगला लाजोंगविरुद्ध ड्रॉ पुरेसा होता, तर नवव्याच मिनिटाला लाजोंगच्या डिकाने गोल मारला, तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळतंय, म्हणजे एक डोळा मैदानावर एक फोनवर असा सगळा प्रकार. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं ऐझॉलवाल्यांनी कशी काढली त्यांनाच माहीत. बागान 2-1 ने जिंकलं, पण पॉइंट ऐझॉलचे 37, बागानचे 36.

त्याच टेबलात अगदी तळाला कोण होतं माहितीये? मुंबई एफसी. रेलिगेट झाली आणि मग क्लबच बंद पडला, डीएसकेनेही गाशा गुंडाळला.

पण ऐझॉललाही आयएसएलचं दार उघडलं नाही, मालकाने उपोषणाची भाषा केली तरी नाही. टीम फुटली, राणे आणि मेहता कोलकात्याच्या आयएसएल क्लब एटीकेला, अल अमना आणि खालिद ईस्ट बंगालला. खालिद 2025 मध्ये भारताचा कोच झाला, आणि कूपरेजवर त्याला शिव्या घालणारे आम्ही आता 'आपला खालिद' म्हणतो.