रंग, वेश आणि क्रियापद

ड्रॅगच्या तयारीत डिंकाच्या कांडीने भुवया चप्प बसवण्याचे काम घाईत होत नाही. एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा द्यायचा. खरी भुवई पूर्ण बुजली की त्यावर पावडर आणि फाउंडेशन चढते आणि मूळ जागेच्या बोटभर वर नवी भुवई रेखली जाते. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या गडद रेघा बोटाने पुसट केल्या की नाक निमुळते दिसू लागते. कमरेखाली स्पंजच्या कापलेल्या गाद्या बसतात आणि त्यांच्या कडा दिसेनाशा होईपर्यंत वरून तंग मोजे एकावर एक चढवले जातात. दोन-तीन तासांची ही तयारी आणि त्यानंतर रंगमंचावर होणारे सादरीकरण मिळून जो कलाप्रकार होतो, त्याला ड्रॅग म्हणतात. तो सादर करणाऱ्याचा लिंगभाव, म्हणजे ती व्यक्ती स्वतःला स्त्री मानते, पुरुष की आणखी काही, हे या नावावरून कळत नाही.

मराठीत तो क्रियापदावरून कळू शकतो. आरशासमोर बसलेला एक पुरुष कलावंत विग चढेपर्यंत सहकाऱ्यांना ‘मी दमलो’ असे सांगतो, विग बसल्यावर त्याच सहकाऱ्यांना ‘मी तयार झाले’ म्हणतो आणि कार्यक्रम संपला की पुन्हा ‘निघालो’ म्हणतो. शेजारच्या खुर्चीवरची कलावंत पारलिंगी स्त्री आहे, म्हणजे जन्मतः पुरुष म्हणून नोंदली गेलेली, पण स्वतः स्त्री असलेली. तीही ड्रॅग क्वीन, म्हणजे ड्रॅगमधील स्त्रीवेशातील कलावंत, म्हणूनच रंगमंचावर जाते, पण रंग लावण्यापूर्वी आणि उतरवल्यानंतरही ती स्वतःविषयी ‘आले’, ‘गेले’ असेच बोलते. वेश, दिवे आणि टाळ्या दोघांच्या वाट्याला सारख्याच येतात आणि म्हणूनच पाहणारा दोघांना एकाच शब्दात बसवून मोकळा होतो.

महाराष्ट्राच्या रंगभूमीवर हा गोंधळ जुना आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकर यांची दोन तैलचित्रे आहेत. एकात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, पुरुषवेशात आहेत, दुसऱ्यात तेच स्त्रीभूमिकेत आहेत. 1911 मध्ये ‘मानापमान’मधील भामिनी, 1916 मध्ये ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि 1919 मध्ये ‘एकच प्याला’मधील सिंधू त्यांनी उभी केली आणि घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, त्यांच्यासारखे दागिने घडवू लागल्या. अशा भूमिका करणाऱ्याला ‘स्त्रीपार्टी नट’ म्हणत. या नावात नट शाबूत होता. बालगंधर्वांना 1964 मध्ये पद्मभूषण मिळाले. फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करीत, हे सहसा कोणाला आठवत नाही.

तमाशातील पुरुषाने तोच हावभाव, तोच लटका केला की त्याला ‘नाच्या’ म्हणत आणि हा शब्द फडाबाहेर शिवीसारखा वापरला जाई. तमाशापटांतून नाच्याची भूमिका घराघरांत पोहोचवणारे गणपत पाटील पत्नी आणि मुलाबाळांसह राहणारे संसारी गृहस्थ होते. पण प्रेक्षकांनी पडद्यावरची व्यक्तिरेखा त्यांच्या अंगाला अशी चिकटवली की खासगी आयुष्यातही त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला तिचा त्रास भोगावा लागला. अभिनयाच्या दर्जाने हा भेद पाडला नव्हता; संगीत नाटकाची तिकिटे कोण काढतो आणि तमाशाच्या तंबूत कोण बसतो, यावर तो ठरला होता, असेच म्हणावे लागते. त्यात नाच्या खरोखरच वेगळ्या लिंगभावाचा असेल, तर त्याच्यासाठी त्या शिवीखेरीज दुसरा शब्दही कोणाजवळ नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी व्यक्तीला आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. तरी घर भाड्याने घेताना किंवा नोकरी मागताना समोरचा माणूस अजूनही आपल्याच सोयीचा शब्द वापरतो.

विंगेत आता निवेदकाचा कागद तपासला जात आहे. त्यावर प्रत्येक रंगनावापुढे ‘येत आहे’ अशी सोयीस्कर ओळ होती, जिच्यातून काहीच कळत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या त्या कलावंताने आपल्या नावापुढची ओळ खोडून तिथे ‘आली आहे’ असे लिहून दिले आहे.