ओतकामाच्या गावानं ल माँची गाडी का घडवू नये?

(उद्यमनगरातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शर्यतीच्या जुन्या गाड्यांची डाय-कास्ट, म्हणजे पोलादी साच्यात (डायमध्ये) धातू ओतून केलेली, मॉडेल्स कोल्हापुरात का बनावीत, हा आजचा विषय. ते सांगणारच आहे. त्याआधी ही गाडी एकदा सगळ्यांनी हातात घ्या. पुढच्या रांगेपासून फिरवा. दारं तेवढी जपून, ती छतासकट उघडतात.

ही फोर्ड जीटी40. जमिनीपासून टपापर्यंत फक्त 40 इंच, नावातला 40 तिथूनच आला. 1:18 प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शात, ती उंची साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास भरते. ड्रायव्हरला एवढ्या बुटक्या गाडीत शिरता यावं म्हणून दाराचा वरचा काठ छतात कापून नेलाय. खऱ्या गाडीत दाराची फट चार मिलिमीटर धरली तर इथं ती पाव मिलिमीटरच्याही आत बसायला हवी, आणि त्यावर रंगाचा थर चढणार. आता बिजागरीजवळची रेघ बघा. टूलरूमवाल्यांनो, डाय करणाऱ्याचा हात कळला ना?

फिकट निळा रंग, मधून नारिंगी पट्टा, अंगावर 6 नंबर. हा नंबर मिळवायला मला फार भांडावं लागलं, ते सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. मी 6 नंबरची गाडी मागवली होती आणि खोक्यातून निघाली 9 नंबरची. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, “साहेब, गाडी तीच आहे की!”

आता गंमत अशी की चासीपुरतं, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यापुरतं, त्याचं खरं होतं. 1075 क्रमांकाची एकच चासी 1968 आणि 1969 अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पहिल्या वर्षी 9 नंबर लावून पेद्रो रॉद्रिगेझ आणि लुसियन बियांकी, दुसऱ्या वर्षी 6 नंबर लावून जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर. लोखंड तेच. पण मला 1969 हवं होतं.

का, ते ऐका. त्या काळी ल माँला ड्रायव्हर रस्त्याच्या एका कडेला उभे राहत. झेंडा पडला की पळत पलीकडं जायचं, गाडीत उडी मारायची आणि सुटायचं. सीटचा पट्टा बांधायला सवड कुणाला? 24 वर्षांच्या इक्सला हे पटत नव्हतं. झेंडा पडला, सगळे धावले, आणि हा पठ्ठ्या रस्ता चालत ओलांडून गाडीपाशी गेला. शांतपणे बसला, पट्टा नीट आवळला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. त्याच पहिल्या फेरीत जॉन वूल्फ या ड्रायव्हरची पोर्श 917 आदळली आणि तो जिवानिशी गेला. त्यानं पट्टा बांधलेला नव्हता.

शेवटून सुटलेला इक्स चोवीस तासांनी हान्स हरमानच्या पोर्श 908 च्या जेमतेम सव्वाशे मीटर पुढं राहून जिंकला. शेवटच्या तासाभरात दोघं एकमेकांना मागं टाकत होते. पुढच्या वर्षी ड्रायव्हर पट्टे बांधून आधीच गाडीत बसलेले होते. पळत सुटणं कायमचं बंद झालं. मंडळी, त्या चालण्यात मला खेळाडूचा सगळा कणखरपणा दिसतो. खासबागेत कुस्ती बघून वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून मी विक्रेत्याला सांगितलं, मॉडेल गाडीचं नसतं, त्या दिवसाचं असतं. नंबर, दिवे, आरसे, जाहिरातीची अक्षरं, सगळं त्या दिवशी होतं तसंच पाहिजे. पुष्कळ मॉडेलांवर तंबाखू कंपन्यांची नावं छापत नाहीत. मोकळा पट्टा तेवढा उरतो आणि तो दिवस पुसला जातो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मूळ विषयावर येतो, जरा भरभर ऐका.

या मॉडेलचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. तो चारशे अंशांच्या आतच वितळतो. आपण इथं चौदाशेच्या घरातलं लोखंड ओततो. पार्टिंग लाइन म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, टेपर म्हणजे नग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार, आकुंचन, ब्लो होल म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, हे सगळं आपल्या पोरांच्या रोजच्या बोलण्यातलं. जुनी मॉडेल्स भेगाळून भुगा होतात, कारण जस्तात शिसं मिसळलेलं असायचं. आपल्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते सांगणाऱ्या यंत्रावर, नमुना तपासूनच माल पुढं जातो, मग हा रोग इथं का शिरावा?

घोडं अडतं ते डायच्या खर्चापाशी. पोलादी डाय महाग, त्यामुळं नग भरपूर काढावे लागतात. म्हणूनच कमी नगांचं काम आता सिलिकॉनच्या साच्यात ओतायच्या रेझिनकडं, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिककडं, गेलंय. त्याच्या कडा सुरेख येतात, पण वजन नाही आणि दारं बहुधा बंदच. माझं म्हणणं, एका अंगाच्या डायवर वेगवेगळ्या शर्यती काढा. जीटी40 चं अंग एकदा घडवलं की 9 आणि 6 दोन्ही निघतात. बदलायची ती छपाई आणि बारीक भाग. छपाईला मऊ गादीनं ठसा उमटवणारं पॅड प्रिंटिंग आहे. बारीक जोडकामाला हुपरीचे चांदी कारागीर आहेत, त्यांच्या हाताला पाव मिलिमीटर नवा नाही. गाडीचा आणि रंगसंगतीचा परवाना मात्र आधी घ्यायचा, त्यात चालढकल नको.

ज्यांच्याकडं वितळलेलं जस्त दाबानं डायमध्ये भरणारं हॉट चेंबर मशीन आहे त्यांनी चहाला थांबा. दाराच्या डायचं ड्रॉइंग आणलंय. टेपर किती ठेवायचा ते आजच ठरवू.